नर्सिंगला फी भरण्यापूर्वी रजिस्टर पाहा

बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यांतील भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर पाट्या झळकू लागतात. 'सहा महिन्यांत नर्स व्हा', 'एका वर्षात नर्सिंग डिप्लोमा, नोकरीची हमी', 'दहावी नापासांनाही प्रवेश'. 2020 च्या कोरोना साथीनंतर आपल्या वस्त्यांतील अनेक पालक मुलींना या पेशात घालण्याचा विचार करू लागले आहेत, हे आम्ही बाजारात रोज ऐकतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या रीतीने हा सौदा केला जातो, ती रीत मात्र काळजी वाटावी अशी आहे.

आपण कापडाचा तागा घेताना पन्ना मोजतो, सुताचा नंबर विचारतो, रंग पक्का की कच्चा हे कोपरा भिजवून पाहतो. मीटरमागे दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. तोच माणूस मुलीच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे आणि घरची साठवलेली रक्कम मात्र पाटी वाचून किंवा एखाद्या ओळखीच्याच्या शब्दावर देऊन मोकळा होतो.

आमच्या परिचयातील एका शिलाई कारागिराने असेच केले. मुलीला जवळच्या एका 'नर्सिंग इन्स्टिट्यूट'मध्ये घातले, हप्त्याहप्त्याने फी भरली. वर्षाअखेर रंगीत सर्टिफिकेट मिळाले. मुलीने एका खासगी इस्पितळात तुटपुंज्या पगारावर दोन वर्षे कामही केले. पुढे सरकारी भरतीचा अर्ज भरताना त्यात एक रकाना आला : परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता आणि त्या सर्टिफिकेटवर तो कधी मिळणारही नव्हता. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती, पण कायद्याच्या दृष्टीने ती नर्स नव्हतीच. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

नर्स म्हणजे कोण, हे कोण ठरवितो आणि त्याची खात्री सामान्य माणसाने कशी करावी, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

सेवा जुनी, पेशा नवा

रुग्णसेवा ही आपल्याला परकी गोष्ट नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत रुफैदा असलमिया (रजि.) यांचा तंबू मदिनेच्या मशिदीजवळ असे आणि तेथे जखमींवर उपचार होत. खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांना याच तंबूत ठेवण्यात आले होते. हजरत उम्मे अतिया (रजि.) यांनी सात मोहिमांत जखमींची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा केल्याचे हदीस ग्रंथांत नमूद आहे. दिल्लीच्या जामिया हमदर्दने आपल्या नर्सिंग कॉलेजला रुफैदा यांचेच नाव दिले, ते उगीच नव्हे. 1284 साली कैरो येथे उभारलेल्या मन्सूरी इस्पितळात स्त्री व पुरुष रुग्णांसाठी वेगळे विभाग आणि वेगळे सेवक होते.

मात्र ठराविक अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी असलेला पेशा या अर्थाने नर्सिंग हे गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतील आहे. क्रिमियन युद्धात, 1854 साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल 38 नर्सेस घेऊन तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तेथे सैनिक जखमांपेक्षा घाण, तुंबलेली गटारे आणि साथीचे रोग यांनी अधिक मरत होते. नाइटिंगेल यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा 42.7 होते, ते जूनपर्यंत शेकडा 2.2 वर आले. गटारे साफ करण्यासाठी इंग्लंडहून आलेल्या सॅनिटरी कमिशनचा यात मोठा वाटा होता. स्वच्छता, हवा, आहार आणि काटेकोर नोंदी यांनी माणूस वाचतो, हे यातून जगाला कळले. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नाइटिंगेल यांच्या नावाने नर्सिंगची शाळा निघाली आणि पद्धतशीर शिक्षणाचा पाया पडला.

रजिस्टर कसे आले

शाळा निघाल्या, पण शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण हे रुग्णाला कसे कळावे? यावर इंग्लंडमध्ये तीस वर्षे वाद चालला. एथेल बेडफोर्ड फेन्विक या बाईंचे म्हणणे असे की, सरकारी कायद्याने एक रजिस्टर असावे आणि परीक्षा उत्तीर्ण झालेलीचेच नाव त्यात यावे. आश्चर्य म्हणजे खुद्द नाइटिंगेल यांचा याला विरोध होता. चारित्र्य, दया आणि कर्तव्यबुद्धी परीक्षेने मोजता येत नाही, असे त्यांचे मत होते.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दया रजिस्टरात लिहिता येत नाही. परंतु रजिस्टराने दोन गोष्टी होतात. नाव असलेल्या व्यक्तीने ठराविक शिक्षण घेतले आहे याची खात्री मिळते. आणि तिने गंभीर गैरवर्तन केले तर चौकशी करून नाव काढून टाकता येते. न्यूझीलंडने 1901 साली नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. इंग्लंडमध्ये तो 1919 साली झाला आणि तेथील रजिस्टरात पहिला क्रमांक बेडफोर्ड फेन्विक बाईंचाच लागला.

आपल्या देशात मद्रास प्रांताने 1926 साली आणि मुंबई प्रांताने 1935 साली असे कायदे केले. तरीही प्रत्येक प्रांताचा अभ्यासक्रम वेगळा होता. 1946 साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा अखंड हिंदुस्थानात सुमारे 7,000 नर्सेस होत्या. म्हणजे 43,000 लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले. पुढे डिसेंबर 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषद अधिनियम झाला. देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा असावा आणि एका राज्यातील नर्सला दुसऱ्या राज्यात नोंदणी मिळावी, हा त्याचा हेतू. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1966 चा आहे. त्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद राज्यातील रजिस्टर ठेवते.

2023 साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग, राज्यांत राज्य आयोग आणि देशभराचे एक रजिस्टर अशी त्याची मांडणी आहे. कचेरीचे नाव परिषद असो वा आयोग, पालकाने विचारायचा प्रश्न तोच राहतो : हा कोर्स केल्यावर मुलीचे नाव सरकारी रजिस्टरात लागेल काय?

तीन पायऱ्या

नर्स होण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, संस्थेला त्या विशिष्ट कोर्ससाठी मान्यता हवी. दुसरी, परीक्षा संस्थेने स्वतः नव्हे तर अधिकृत मंडळाने किंवा विद्यापीठाने घेतलेली हवी. तिसरी, उत्तीर्ण झाल्यावर राज्य परिषदेत नोंदणी हवी. पहिली पायरी कच्ची असेल तर पुढच्या दोन मिळत नाहीत. पाटीवाल्या संस्था बहुधा पहिल्याच पायरीवर उघड्या पडतात, पण आपण विचारतच नाही.

नोंदणी झाली की काम संपले असेही नाही. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षण वर्गांना हजर राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने नर्स म्हणून व्यवसाय करणे राज्याच्या कायद्याला मान्य नाही.

कोणता कोर्स, किती वर्षे

एएनएम : दोन वर्षे. बारावी झालेल्या मुलींसाठी. गावच्या उपकेंद्रातील आरोग्य सेविका ही एएनएम असते. लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण ही तिची मुख्य कामे.

जीएनएम : तीन वर्षे. बारावीला इंग्रजी विषय व शेकडा 40 गुण हवेत. शाखा कोणतीही चालते, मात्र विज्ञान असल्यास बरे. इस्पितळातील वॉर्डात दिसणाऱ्या बहुसंख्य नर्सेस जीएनएम झालेल्या असतात. पूर्वी हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता.

बीएस्सी नर्सिंग : चार वर्षे, पदवी. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते.

जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतो आणि त्यानंतर एमएस्सी करून नर्सिंग कॉलेजात शिक्षिकाही होता येते. तेव्हा घरची परिस्थिती बेताची असेल तर जीएनएमपासून सुरुवात करून पगारातून पुढे शिकण्याचा रस्ता खुला आहे. मुलांनाही जीएनएम व बीएस्सीला प्रवेश असतो. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया विभाग व पुरुष वॉर्डात मुलगे चांगले काम करीत आहेत.

सहा महिन्यांचे काही कोर्स खरेही असतात. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, खाऊ घालणे शिकविणारे सहायकाचे कोर्स सरकारी कौशल्य योजनांतही आहेत. ते काम हलाल आहे आणि गरजेचे आहे. परंतु ते नर्सिंग नव्हे. सहायकाच्या कोर्सला सहायकाचीच फी द्यावी आणि नर्सच्या पगाराची आशा धरू नये.

फी भरण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

एक : संस्थेच्या मान्यतेचा कागद मागावा. तो कोणत्या कोर्सचा, कोणत्या वर्षाचा, किती जागांचा आहे ते वाचावे. नंतर राज्य परिषदेकडे परस्पर खात्री करावी. संस्थेने दाखविलेल्या झेरॉक्सवर थांबू नये. 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे' याचा अर्थ मान्यता नाही.

दोन : परीक्षा कोण घेतो ते विचारावे. एएनएम, जीएनएमला राज्याचे मंडळ, बीएस्सीला आरोग्य विद्यापीठ. 'आमचे स्वतःचे बोर्ड आहे' किंवा कधी न ऐकलेल्या 'दिल्लीच्या कौन्सिल'चे नाव सांगितले तर तेथून उठावे.

तीन : इस्पितळ पाहावे. जीएनएम व बीएस्सीच्या संस्थेशी किमान 100 खाटांचे स्वतःचे इस्पितळ जोडलेले असावे असा दंडक आहे. नर्सिंग हे फळ्यावर शिकण्याचे काम नाही. इंजेक्शन, ड्रेसिंग, बाळंतपण हे रुग्णाजवळ उभे राहूनच येते. जेथे दोन खोल्या आणि एक प्लॅस्टिकचा सांगाडा एवढेच आहे, तेथे काय शिकविणार?

चार : 'हजेरी नको, फक्त परीक्षेला या' असे सांगून परराज्यातील प्रवेश विकणारे दलाल फिरतात. नर्सिंगचे मूळ शिक्षण घरबसल्या होत नाही. अशा कागदाची किंमत शून्य.

पाच : प्रवेश कोणत्या परीक्षेने व कोणत्या गुणवत्ता यादीने होतो, हे त्या वर्षीच्या सरकारी सूचनेत पाहावे, कारण हे नियम बदलत असतात. प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. कच्च्या चिठ्ठीवर फी देऊ नये.

सहा : मागील तुकडीतील दोन मुलींना भेटावे आणि त्यांचे नोंदणी क्रमांक झाले काय ते विचारावे. या एका प्रश्नाने बहुतेक खरे-खोटे बाहेर येते.

कमाईचा हिशेब

व्यापार-उदीमाच्या पानावर लिहितो आहोत, तेव्हा पैशांचे स्पष्ट बोलले पाहिजे. सरकारी नोकरीत पगार चांगला आहे. केंद्र सरकारच्या इस्पितळांत नर्सिंग ऑफिसरचा सुरुवातीचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाने 44,900 रुपये ठरविला, भत्ते वेगळे. राज्यात आरोग्य सेविका, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी वर चढत जाणारी पदे आहेत. मात्र जागा थोड्या आणि अर्ज फार.

खासगीत चित्र वेगळे आहे. लहान इस्पितळे फार कमी पगार देतात, हे आम्ही लपविणार नाही. याविषयी नर्सेसची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. खासगी इस्पितळात नर्सला कोणत्याही स्थितीत 20,000 रुपयांहून कमी पगार नसावा, 200 हून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीने आणि 100 हून अधिक खाटा असतील तर फार तर शेकडा 10 ने कमी असावा, अशा शिफारशी समितीने केल्या. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेल्याने ती सगळीकडे झालेली नाही. तरीही पगार मागताना हा आधार हाती आहे, आणि तो नोंदणी असलेल्या नर्सलाच आहे.

परदेशाचे म्हणाल तर जगात नर्सेसची टंचाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली जगात 59 लाख नर्सेस कमी असल्याचे सांगितले. आखातातील देशांत जाण्यासाठी तेथील आरोग्य खात्याची परीक्षा द्यावी लागते आणि त्यापूर्वी कागदांची मुळापर्यंत तपासणी होते. म्हणजे तपासणी करणारी कंपनी थेट तुमच्या कॉलेजला आणि परिचर्या परिषदेला विचारते. बनावट किंवा कच्चा कागद येथे टिकत नाही, आणि एकदा खोटेपणाचा शिक्का बसला की तो पुसत नाही. इंग्लंडला जाण्यासाठी इंग्रजीची वेगळी परीक्षा असते.

एजंटांपासूनही सावध राहावे. नर्सेसकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे केरळात बाहेर आल्यावर 2015 साली केंद्र सरकारने आखातासह 18 देशांसाठी नर्सेसची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी, असा आदेश काढला होता. जाण्यापूर्वी सरकारच्या इमायग्रेट व्यवस्थेत भरती करणाऱ्याचे नाव आहे काय, हे अवश्य तपासावे.

पालकांच्या मनातील शंका

पर्द्याचे काय, रात्रपाळीचे काय, लग्न कसे होईल, हे प्रश्न घरोघरी विचारले जातात. ते हसण्यावारी नेऊ नयेत. शिक्षणाच्या काळात सर्व प्रकारच्या वॉर्डांत ड्यूटी करावी लागते, हे आधीच समजून घ्यावे. नोकरीत मात्र स्त्रियांचा वॉर्ड, प्रसूती विभाग, बालविभाग, शाळा-कॉलेजांतील अध्यापन असे पर्याय मिळू शकतात. गणवेशासोबत डोके झाकण्यास परवानगी आहे काय, वसतिगृह कसे आहे, रात्री ने-आण कोण करतो, हे प्रवेशापूर्वीच संस्थेला विचारावे. आणि एक गोष्ट आपण स्वतःला विचारावी. आपल्या घरातील बाळंतपणाच्या वेळी आपण बाई डॉक्टर आणि बाई नर्सच मागतो. त्या कोणाच्या तरी मुली असतात. आपली मुलगी शिकली नाही, तर ही मागणी पुरी कोण करणार?

भाषेची अडचण खरी आहे. आम्ही स्वतः उर्दू माध्यमातून शिकलो, त्यामुळे ती जाणतो. जीएनएम व बीएस्सीची पुस्तके इंग्रजीत असतात, आणि सरकारी दवाखान्यातील नोंदी व रुग्णांशी बोलणे मराठीत. औषधाचे नाव किंवा मात्रा वाचण्यात चूक झाली तर जीव जातो. तेव्हा उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलीला नववीपासूनच इंग्रजी आणि मराठीची वेगळी शिकवणी लावावी. बारावीनंतर घाई करून उपयोग होत नाही.

इस्पितळे चालविणाऱ्या बांधवांसाठी

आपल्या समाजातील अनेक ट्रस्ट आणि धनिक बांधव मोहल्ल्यांत दवाखाने व लहान इस्पितळे चालवितात. त्यांचा हेतू नेक आहे. पण तेथेही पगार वाचविण्यासाठी न शिकलेल्या मुलींना पांढरा कोट घालून 'सिस्टर' म्हटले जाते. आपल्या राज्याला लागू असलेल्या 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार इस्पितळात पात्र नर्सेसचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. कायदा बाजूला ठेवला तरी रुग्ण ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. सलाईनचा वेग, रक्ताची बाटली, ऑपरेशननंतरचे पहिले तास, हे सांभाळायला शिकलेलेच हात हवेत. तुम्ही नोंदणी असलेली नर्स मागू लागलात, तर कच्ची सर्टिफिकेटे विकणाऱ्यांचे दुकान आपोआप बसेल.

व्यापारी संघटना आणि जमातींनाही थोडक्यात करता येण्यासारखे काम आहे. दरवर्षी मे-जून महिन्यांत मान्यताप्राप्त नर्सिंग संस्थांची यादी परिषदेकडून घेऊन ती मशिदीच्या फलकावर आणि उर्दू शाळांत लावावी. गरजू मुलींच्या फीसाठी बिनव्याजी कर्जाची सोय करावी, जे नोकरी लागल्यावर फेडता येईल. जकातीस पात्र असलेल्या घरांतील मुलींसाठी उलेमांचा सल्ला घेऊन जकातीतूनही मदत देता येईल. मात्र रक्कम संस्थेची मान्यता तपासल्यावरच आणि थेट संस्थेच्या नावे द्यावी.

यंदा ज्यांच्या घरी बारावी झालेली मुलगी आहे, त्यांनी हप्ता भरण्याआधी एक दिवस दुकान बंद ठेवावे लागले तरी ठेवावे. मान्यतेचा कागद वाचावा, इस्पितळाचे वॉर्ड पाहावेत, मागील तुकडीतील मुलींना भेटावे आणि परिषदेकडे विचारणा करावी. तेथून होकार आला तरच बिस्मिल्लाह म्हणून फी भरावी.